नानांच्या गोळ्यांची पिशवी

आमचे चुलते नाना महार रेजिमेंटमध्ये शिपाई होते. १९६६ साली भरती झाले, १९७१ च्या लढाईत होते आणि १९८३ साली पेन्शनवर गावी आले. अहमदपूर तालुक्यातले आमचे गाव. बाबासाहेबांनी सरकारकडे पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला या रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, हे आम्हाला लहानपणी नानांनीच सांगितले. स्वतःच्या लढाईविषयी मात्र ते कधी बोलले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात नाना रात्री लघवीला उठले आणि अंगणात पडले. डोक्याला चार टाके पडले. आम्ही त्यांना नांदेडला आमच्याकडे आणले. त्याआधी सहा महिने ते भिंत धरून चालत, कोणाशी बोलत नसत. आम्ही म्हणायचो, वय झाले, चालायचेच.

इथल्या एका तरुण डॉक्टरांनी सांगितले, "घरात असतील तेवढी औषधे पिशवीत भरून आणा." टेबलावर पिशवी ओतली तेव्हा अकरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या. दोन डॉक्टरांनी रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने लिहून दिली होती आणि नाना दोन्ही घेत होते. झोपेची गोळी आणखी वेगळी. डॉक्टरांनी नानांचा रक्तदाब निजवून मोजला, मग उभे करून मोजला. उभे राहताच तो एकदम उतरत होता. डावा कान तर जवळजवळ बंद. बंदुकीच्या आवाजाने फौजेतल्या माणसाचे कान जातात, हे आम्हाला त्या दिवशी कळले. नाना अबोल झाले नव्हते, त्यांना ऐकूच येत नव्हते.

त्या डॉक्टरांनी अमेरिकेची एक हकिकत सांगितली. तिथे १९७५ पासून म्हाताऱ्या माजी सैनिकांसाठी अशी केंद्रे निघाली, की जिथे संशोधक आणि उपचार करणारे डॉक्टर एकत्र काम करतात. कॅलिफोर्नियातील सेपुल्वेडा येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात १२३ वृद्ध रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नेहमीचा उपचार दिला. दुसऱ्या गटाची डॉक्टर, नर्स आणि समाजसेवक यांनी मिळून औषधे, चालणे, स्मरण, घरची स्थिती अशी सगळी तपासणी केली. १९८४ साली निकाल छापून आला. वर्षभरात पहिल्या गटातील जवळजवळ निम्मे रुग्ण वारले, दुसऱ्या गटातील चौथा हिस्सा. नवे औषध कोणतेच नव्हते. माणूस सगळा मिळून पाहिला, एवढेच.

आता आमची चूक सांगतो. आम्ही कारकून, वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देतो. माजी सैनिकांची आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. पेन्शनवाल्या सैनिकाला आणि त्याच्या पत्नीला तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये औषधोपचार मिळतो, गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठीही मिळते. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणीसुद्धा नाही. तरी नानांचे कार्ड काढलेलेच नव्हते. ते मागत नव्हते आणि आम्ही विचारले नाही. इतकी वर्षे ते पेन्शनमधून औषधे विकत घेत राहिले.

आता कार्ड आहे. गोळ्या अकराच्या पाच झाल्या. कानाला यंत्र आहे. नाना काठी घेऊन रोज चौकापर्यंत जातात आणि काकूंशी मोठ्याने भांडतात, त्याचे आम्हाला बरे वाटते.

वाचकहो, आपल्या वस्तीत एखादे तरी घर पलटणीतल्या माणसाचे असेल. नांदेड असो वा लातूर, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांचे डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद घेऊन जा, कार्डाची चौकशी करा. दवाखान्यात जाताना सगळी औषधे एका पिशवीत न्या. नाना म्हणतात, "परेडच्या आधी किट तपासत होते, तशी ही पिशवी तपासा." आणि घरातला म्हातारा गप्प झाला, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका. आधी त्याच्या कानाजवळ जाऊन बोलून पाहा.