चढ नसलेली वाट

भांडगावहून सायकलवर भुलेश्वर गाठायचं तर शेवटचा घाट दम काढतो. त्या चढावर शिकलेल्या मला अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर पहिल्यांदा सायकल घातली तेव्हा नवल वाटलं. चढच नाही! आज वारसाफेऱ्या आखणं हेच माझं काम आहे, आणि नव्यानं निघणाऱ्याला मी आधी हीच वाट सुचवतो. आक्षी, नागाव, चौल करत रेवदंडा, 17 किलोमीटरच्या आसपास. बरीचशी वाट नारळी-पोफळीच्या सावलीतली. उत्तरेकडून दक्षिणेला जावं. दुपारी वायव्येचं वारं सुटलं की ते पाठीशी राहतं.

आक्षीला घाई करू नका. इथल्या शिलालेखावर वर चंद्र-सूर्य आणि खाली देवनागरीतल्या नऊ ओळी आहेत. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके 934, म्हणजे इ.स. 1012 असा वाचला. त्यांच्या वाचनानुसार हा मराठीतला सर्वांत जुना ज्ञात कालोल्लेखी लेख. समोरून पाहिलं तर झिजलेला दगड, एवढंच दिसतं. मोबाइलची बॅटरी लावून बाजूनं, दगडाला समांतर धरा. खाचांत सावली भरते आणि अक्षरं एकेक करून वर येतात. माझ्यासोबतची माणसं त्या क्षणी हमखास गप्प होतात. दगडावर खडू किंवा पीठ मात्र कुणी चोळू नये, त्यानं लेखाचं नुकसान होतं.

चौलला रामेश्वराच्या पुष्करणीपाशी सायकल लावून बसावं. ग्रीक-रोमन लेखकांना ठाऊक असलेलं हे बंदर. पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितीन घोडा विकायला इथंच उतरला आणि सह्याद्री चढून त्यानं पावसाळा आपल्या जुन्नरला काढला. घाटावरच्या माणसानं चौलला परकं मानू नये, ते यासाठी. निकितीनचं स्मारक रेवदंड्यात आहे.

रेवदंड्यात वाहता रस्ताच पोर्तुगीजांच्या तटातून आत शिरतो. गाडीतून जाणाऱ्याला ते कळतही नाही, सायकलवाल्याचा पाय आपोआप थांबतो. आत सातखणी बुरूज, गावात बेने इस्रायलींचं बेथ एल सिनेगॉग. तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना कोकणानं शनिवार तेली म्हटलं. चौलच्याच पाण्यात 1508 साली पोर्तुगीज आरमार हरलं, तरी पुढं त्यांनी इथं पाय रोवले. 1740 मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला. कुंडलिका खाडीपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीजातून घडलेली बोली आजही काही घरांत बोलतात.

मार्गशीर्षात चौलच्या दत्ताची जत्रा भरते, तेव्हा रस्ता माणसांनी फुलतो. निवांत पाहायचं असेल तर ते दिवस टाळून जा, मुलांना घेऊन जा, आणि आक्षीला पोचण्याआधी मोबाइल चार्ज आहे ना, तेवढं बघा.