पाकिटाची मागची बाजू

माझ्या लहानपणच्या तिकिटांच्या वहीत एका पानावर विमानाचे चित्र असलेली सात तिकिटे चिकटवलेली आहेत. चित्रात पंचम जॉर्जचा मुखवटा आणि आकाशात दोन पंखी विमान. ही वही साताऱ्याच्या घरातून माझ्याबरोबर सांगलीला आली. आज ती उघडताना आनंदापेक्षा अपराधीपणच अधिक जाणवते.

ही तिकिटे आजोबांच्या धाकट्या भावाने कराचीहून पाठवलेल्या पत्रांवरची. घरात सगळे त्यांना ‘कराचीकाका’ म्हणत. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता आणि नोकरीधंद्यासाठी कराचीला गेलेली मराठी माणसे पुष्कळ होती. काकांची पत्रे आजीने ट्रंकेत जपून ठेवली होती. नवव्या वर्षी मला तिकिटांचा नाद लागला. एका सुटीच्या दुपारी मी त्या पाकिटांचे कोपरे कात्रीने कापले, ताटलीतल्या पाण्यात भिजवून तिकिटे सोडवली आणि उरलेली पाकिटे बंबात घातली. आतली पत्रे तेवढी वाचली. आजी रागावली नाही. “कागद तर आहेत ना,” एवढेच म्हणाली.

आपण काय केले हे कळायला वीस वर्षे जावी लागली. सांगलीत प्राध्यापकी करू लागल्यावर टपालखात्यातून निवृत्त झालेल्या एका संग्राहकांशी ओळख झाली. कोणतेही पाकीट हाती आले की ते आधी उलटे करीत. तिकीट पुढे असते, पण पत्र कोठे केव्हा पोहोचले त्याचा शिक्का बहुधा मागे असतो. विमानटपालाच्या संग्राहकाला तिकिटाहून हा प्रवास मोलाचा. १८ फेब्रुवारी १९११ रोजी हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेर, वेळ अवघी तेरा मिनिटे. जगातला हा पहिला अधिकृत विमानटपाल. त्या पत्रांवरची तिकिटे नेहमीचीच होती. त्यांना इतिहासात जागा मिळाली ती खास शिक्क्यामुळे. तिकीट कापून घेतले असते तर त्यातले बहुतेक सगळे गेले असते.

माझी सात तिकिटे ऑक्टोबर १९२९ मध्ये निघालेल्या, नाशिकच्या छापखान्यात छापलेल्या मालिकेतली. त्याच वर्षी ३० मार्चला लंडन ते कराची ही विमानसेवा सुरू झाली होती. पण त्या काळी भवितव्य विमानांचे की हवाईजहाजांचे, हे ठरायचे होते. आर-१०१ हे प्रचंड ब्रिटिश हवाईजहाज हिंदुस्थानात यायचे म्हणून कराचीला सुमारे ८५० फूट लांबीची शेड उभारली गेली. काकांनी एका पत्रात तिचे वर्णन केले आहे : आपल्या अख्ख्या आळीवर हे छप्पर घातले तरी ते उरेल! ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी निघालेले ते जहाज दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळले. ५४ पैकी ४८ माणसे गेली. पाहुण्यासाठी घर बांधून ठेवले आणि पाहुणा आलाच नाही. १९३७ साली जळालेल्या हिंडेनबुर्गवर सतरा हजारांहून अधिक पत्रे होती. त्यांतली जेमतेम साडेतीनशे वाचली. कडा करपलेली ती पाकिटे संग्राहक जशीच्या तशी जपतात. आगीतून जे वाचले ते त्यांनी जपले. मी मात्र धडधाकट पाकिटे आगीत घातली.

काकांच्या पत्रांवर इसवी सन नाही, शकही नाही. केवळ तिथी आहे. एका पत्रावर ‘आश्विन शु. १५’ असे लिहिले असून, उद्या येथून मुंबईला विमानाने टपाल जाणार असल्याची बातमी आहे, त्यातच हे पत्र घालतो आहे, असा मजकूर आहे. जे. आर. डी. टाटांनी पुस मॉथ विमानातून कराची–अहमदाबाद–जुहू असा टपाल नेला तो दिवस १५ ऑक्टोबर १९३२. पंचांग पाहिले तर त्या वर्षी आश्विनी पौर्णिमा १४ ऑक्टोबरला होती. म्हणजे पत्र त्याच विमानातले? तसे म्हणण्याचा मोह होतो. पण टाटांची सेवा पुढेही चालू राहिली; पुढच्या वर्षीच्या आश्विनातही काकांना असेच लिहिता आले असते. टपाल सुटण्यापूर्वी पत्र पेटीत पडले की नाही, हेही मजकुरावरून कळत नाही. कराचीच्या शिक्क्याने आणि मागच्या साताऱ्याच्या शिक्क्याने हा प्रश्न क्षणात सुटला असता. तिकिटांवर शिक्क्याचे अर्धवट कंस उरले आहेत. त्यांत साल नाही.

वर्गात हस्तलिखितांविषयी शिकवताना मी पुष्पिकेवर भर देतो. ग्रंथ कोणी, कोठे, केव्हा उतरवला हे सांगणाऱ्या त्या शेवटच्या ओळी मुलांना कोरड्या वाटतात. तेव्हा मी त्यांना माझी ही गोष्ट सांगतो. हसतात, पण लक्षात ठेवतात.

आजीच्या त्या वाक्याला मी पुष्कळ दिवस क्षमा समजत होतो. आता वाटते, तिला खरोखरच पत्रे पुरेशी होती. दिराचे अक्षर आणि ख्यालीखुशाली एवढेच तिला जपायचे होते. तारीख मला हवी आहे, आणि तीच नेमकी मी जाळली. मध्यंतरी ती पत्रे नव्या फाइलीत लावली. या पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘१९३२’ लिहिले आणि थोडे थांबून पुढे प्रश्नचिन्ह काढले.