राखणदाराची राखण

आमच्या मानकोलीत आता भातशेती नावापुरती उरली आहे. नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे उभी राहिली आणि त्या गोदामांतले निम्मे मुकादम माझ्या हाताखालून शिकून गेलेले! त्यामुळे निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी नोकरीसाठी चिठ्ठी मागायला माणसे माझ्याच ओटीवर येतात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर अशीच एक आई आली. बराच वेळ पदराशी चाळा करीत बसली आणि मग म्हणाली, "गुरुजी, पोरगा सुटून आलाय. कुठंतरी रातीचा राखणदार म्हणून चिकटवा."

मुलगा माझाच विद्यार्थी. शेजारच्या एका लहान मुलीच्या बाबतीत त्याने गुन्हा केला होता आणि त्याची शिक्षा पुरी भोगून तो आला होता. याहून अधिक मी लिहिणार नाही. घरे ओळखू येऊ नयेत म्हणून बारीकसारीक खुणाही बदलल्या आहेत.

खरे सांगतो, वाचकहो, त्या माउलीची दया येण्याआधी माझी नजर अंगणात खेळणाऱ्या माझ्या आठ वर्षांच्या नातीकडे गेली. 'बघतो' एवढेच मी म्हणालो.

'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा चित्रपट आम्हां मास्तर मंडळींचा लाडका. औंध संस्थानात १९३९ साली सुरू झालेल्या स्वतंत्रपूरच्या मुक्त वसाहतीवरून तो सुचला. त्यातले कैदी खुनी होते. खुन्यावर विश्वास टाकणाऱ्या जेलरला पाहून मी टाळ्या वाजवल्या होत्या. या पोराला मात्र पाणी विचारतानाही माझा हात आखडत होता.

याच्यावर कोणाची तरी देखरेख असेलच, या समजुतीने मी एका परिचित वकिलांना गाठले. ते म्हणाले, "गुरुजी, १९५८ चा परिविक्षा कायदा आहे. पण तो तुरुंगाऐवजी बंधपत्रावर सोडलेल्यांसाठी. बलात्कारासारख्या, जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याला तो लागूच नाही. अल्पवयीन मुलगा असेल, तर बाल न्याय मंडळ त्याला परिविक्षा अधिकाऱ्याच्या नजरेखाली ठेवू शकते. पण शिक्षा संपवून आलेला मोठा माणूस दारातून बाहेर पडला की मोकळा."

"आणि ती सरकारी यादी?"

"२०१८ साली झाली खरी. पण ती पोलिसांच्या तपासासाठी. तुम्हांआम्हांला ती दिसत नाही."

माझी पुतणसून मँचेस्टरला याच खात्यात काम करते. तिला फोन केला. इंग्लंडात अशा माणसासाठी पोलीस, तुरुंग आणि परिविक्षा ही तिन्ही खाती एकत्र बसतात. तो कुठे राहील, कुठे काम करील, कोणत्या रस्त्याने जाणार नाही, हे ठरवून देतात. पत्ता बदलला की तीन दिवसांत पोलिसांना कळवायचे. अट मोडली तर पुन्हा तुरुंग. "पण काका," ती म्हणाली, "एकटा पडलेला माणूस जास्त धोक्याचा, असा आमचा अनुभव आहे." मग तिने कॅनडातली गोष्ट सांगितली. १९९४ साली हॅमिल्टन गावी एका पाद्र्याने आपल्या मंडळींतले चारसहा जण गोळा करून सुटून आलेल्या अशाच एका माणसाभोवती कडे केले. त्याला आधारही द्यायचा आणि जाबही विचारायचा.

आम्ही चौघे जमलो. मी, एक निवृत्त पोस्टमन, एक मुकादम आणि त्याची आई. एक वही केली. रात्रीची राखण नाही. दिवसा माल चढवण्या-उतरवण्याचे काम, तेही मुकादमाच्या डोळ्यांसमोर. अंगणवाडीच्या आणि शाळेच्या वाटेने जायचे नाही. दर सोमवारी संध्याकाळी माझ्या ओटीवर हजेरी. त्या वेळी नात आजोळी.

तीन महिने सुरळीत गेले. एका सोमवारी तो मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, आज शाळा सुटायच्या वेळी त्या वाटेने आलो. मुद्दाम." माझ्या पोटात गोळा आला. पण त्याने ते आपण होऊन सांगितले होते. आम्ही शाळेत जाऊन सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून मुकादम त्याला सुटीच्या वेळेनंतरच घरी सोडू लागला. भिवंडीला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे त्याला घेऊन गेलो.

आपण काहीतरी चांगले करीत आहोत, असे मला वाटू लागले होते. तेवढ्यात सूनबाईने विचारले, "मामंजी, त्या मुलीला विचारलंत का?"

नव्हते विचारले. कोणालाच ते सुचले नव्हते! इंग्लंडात अटी घालताना तिकडच्या घरालाही विचारतात, हे फोनवर ऐकूनही माझ्या ध्यानात राहिले नव्हते.

मी त्या घरी गेलो. तिच्या आईने मला बसायला सांगितले नाही. दारातच ती म्हणाली, "त्याच्यासाठी चौघं बसता ना गुरुजी? माझ्या पोरीसाठी कोण बसलं? ती अजून देवळाच्या वाटेनं जात नाही."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरी येऊन मी वहीचे पहिले पान उघडले आणि सगळ्या अटींच्या वर लिहिले: देवळाची वाट त्या मुलीची. पुढच्या सोमवारी ते त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतले.

सूनबाई आता दर गुरुवारी त्या घरी जाऊन बसते. पहिले दोन महिने तिलाही कोणी 'बस' म्हटले नाही. गेल्या गुरुवारी मात्र ती मुलगी तिच्यासोबत देवळापर्यंत गेली आणि पायरीवरून परत आली.

त्याचा एकही सोमवार अजून चुकलेला नाही. पुढचा चुकणार नाही, याची हमी मी देऊ शकत नाही. म्हणून या दिवाळीत नवी वही आणली आहे आणि तिच्या पहिल्या पानावर तीच ओळ पुन्हा लिहिली आहे.