शाळेचें शरदपत्रक

भाद्रपद सरत आला कीं आमच्या मनूच्या शाळेंतून एक पत्रक घरीं येतें. हल्लींच्या रीतीप्रमाणें तोच मजकूर आदल्या रात्रीं मोबाईलवर येऊन पडलेला असतो. तथापि शाळेंतील बाईंचा भर कागदावर. पत्रकाच्या तळाशीं पालकांच्या सहीचा रकाना असतो आणि सही झालेला कागद दुसऱ्या दिवशीं परत नेण्याची जबाबदारी मुलांवर असते. पुढील दोन महिन्यांत शाळेंत काय काय व्हावयाचें आहे, तें सर्व त्या एका पानांत सामावलेलें असतें.

२०२५ सालच्या पत्रकाची प्रत मीं जपून ठेवली आहे. २२ सप्टेंबरला घटस्थापना. त्याच आठवड्यांत शुक्रवारीं भोंडला, आणि आतां मुलगेहि फेर धरीत असल्यामुळें खिरापत सर्वांनींच घरून आणावयाची. दसरा व गांधीजयंती २ ऑक्टोबरला एकाच दिवशीं आल्यामुळें पाटीपूजन दोन दिवस आधीं. मग प्रथम सत्राची परीक्षा. १५ ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनाचा वाचन प्रेरणा दिन. आणि सुटीसाठीं किल्ल्यांची स्पर्धा. शेवटीं एक ओळ: ‘किल्ला मुलांनीं स्वतः करावा, वडीलमंडळींनीं मागितल्यास साहाय्य करावें.’

हीच ओळ २०२४ सालच्या पत्रकांतहि होती. मीं ती वाचली होती, खाली सहीहि केली होती. पण मनावर घेतली नव्हती. अशीं पत्रकें वाचतांना आम्हां पालकांची दृष्टि वाण्याची यादी वाचणाऱ्याची असते. काय आणावयाचें, केव्हां आणावयाचें, कोणीं रजा काढावयाची, एवढेंच आम्ही पाहतों. हें सर्व मुलासाठीं चाललें आहे हें खरें. पण त्यांत मुलानें काय करावयाचें, हा प्रश्न आमच्या मनांत सहसा येत नाहीं.

त्या वर्षीं मनू दुसरींत होती. किल्ल्याचें नांव निघतांच माझें बालपण माझ्या अंगांत संचारलें. मीं राजगड करावयाचें ठरविलें. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या, मधोमध बालेकिल्ला, सर्व कांहीं नकाशाबरहुकूम. मातीचीं पोतीं आणलीं, विटा जमविल्या, कुंभारवाड्यांतून मावळ्यांचीं चित्रें आणलीं. सुटीचे पहिले तीन दिवस मी अंगणांत उकिडवा बसून होतों. मनू सुरुवातीला फार उत्साहांत होती. पायथ्याशीं आरशाचें तळें करूं, तळ्याकांठीं मावळ्यांच्या मुलांची एक शाळा बांधूं, असा तिचा बेत होता. “तळें ठीक आहे, पण राजगडाखालीं शाळा कोठून आली?” असें म्हणून मीं तो बेत मोडून काढला. मग ती मला पाणी आणून देऊं लागली. तिसऱ्या दिवशीं पाणीहि सौ.ने आणून दिलें. मनू शेजारीं खेळावयास गेली होती. हें त्या वेळीं माझ्या ध्यानांत आलें नाहीं. संजीवनी माचीचा उतार साधण्यांत मी गुंतलों होतों.

पाडव्याच्या दिवशीं बाई किल्ला पाहावयास आल्या. त्यांनीं कौतुक केलें आणि मनूला जवळ घेऊन विचारलें, “यांतली सुवेळा माची कोणती ग?” मनू सहज म्हणाली, “बाबांना विचारा. किल्ला त्यांचा आहे.”

तिच्या बोलण्यांत राग नव्हता, तक्रारहि नव्हती. शेजारच्यांची सायकल शेजारच्यांची आहे असें सांगावें, तितक्या निर्विकारपणें तिनें तें सांगितलें. बाई हंसल्या व दुसऱ्या विषयाकडे वळल्या. किल्ल्याला दुसरें बक्षिस मिळालें. तें प्रशस्तिपत्र कित्येक दिवस दप्तराच्या तळाशीं चुरगळत राहिलें. भिंतीवर लावण्याची आठवण मनूनें केली नाहीं आणि मलाहि तें काढून लावण्याचा धीर झाला नाहीं.

२००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें, विनाअनुदानित शाळा वगळतां, इतर शाळांच्या व्यवस्थापन समितींत किमान तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत असें ठरविलें आहे. हेतु उत्तम आहे. शाळा आपली आहे असें पालकांना वाटलें पाहिजे. परंतु माझ्यासारख्या पालकांना शाळा इतकी आपली वाटूं लागते कीं, तींत मुलांसाठीं उरलेला चतुर्थांशहि आम्ही बळकावून बसतों. वह्यांचीं वेष्टनें आमचीं, चित्रवहींतील कातरकाम आमचें, भाषण आम्हीं लिहिलेलें आणि किल्लाहि आमचा.

२०२५ सालच्या पाटीपूजनापर्यंत मला हें मनांतल्या मनांत बोचत होतें. पण त्यावर उपाय सुचला नव्हता. तो माझ्या आईनें सुचविला, आणि तोहि नकळत. शाळेंत न्यावयाच्या पाटीवर मनू आदल्या सायंकाळीं सरस्वती काढीत बसली होती. एकाच्या आंकड्यांची ती नेहमींची सरस्वती. दोन्ही बाजू सारख्या उतरावयास हव्यात. मनूची डावी बाजू बरीच कलली होती. ती बोटानें पुसून पुन्हां काढी, पुन्हां कलत असे. मला राहवलें नाहीं. “आण इकडे, एवढी रेघ सरळ करून देतों,” म्हणून मीं पेन्सिलीकडे हात केला. आई देवघरांतून म्हणाली, “अरे, विद्या तिला यायची आहे ना? मग सरस्वतीहि तिच्याच हातची असूं दे. तुला हौस असेल तर दुसरी पाटी आण.”

मनू खुदकन हंसली. मीं हात मागें घेतला. दुसऱ्या दिवशीं ती कललेली सरस्वती झेंडूच्या फुलांसह शाळेंत गेली. तेथें पन्नास पाट्या ओळीनें मांडल्या होत्या. वर्षभर वह्यांत लिहिणाऱ्या या मुलांच्या हातीं पाटी एरवीं येतच नाहीं, त्यामुळें बहुतेक सरस्वती कललेल्याच होत्या, आणि प्रत्येक मूल आपली पाटी दुरूनहि ओळखीत होतें.

त्या वर्षीं जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले होते. त्यांपैकीं अकरा महाराष्ट्रांतले व बारावा तमिळनाडूंतील जिंजी. पत्रकांत या बारांतून एक निवडावा अशी सूचना होती. मनूनें सिंधुदुर्ग निवडला. तिला समुद्र करावयाचा होता. मोठी परात पाण्यानें भरून मधोमध मातीचा किल्ला उभारावयाचा, असा तिचा बेत. त्याचें पुढें काय होणार तें मला दिसत होतें. जीभ आवरणें किती कठीण असतें, हें मला त्या दोन दिवसांत कळलें. मीं पाटावर बसून मागितल्यावर पाणी दिलें, मागितल्यावर माती दिली, आणि आईनें दिलेले अळीव तटावर पेरण्यासाठीं वाटींत भिजत घातले.

वसुबारसेच्या सायंकाळीं तट उभा राहिला. धनत्रयोदशीच्या सकाळीं परातींत नुसता गढूळ चिखल होता आणि एक मावळा त्यांत गळ्यापर्यंत बुडाला होता. मनू रडली. बराच वेळ रडली. सौ.ने माझ्याकडे अशा दृष्टीनें पाहिलें कीं, हें आधीं सांगितलें असतें तर काय बिघडलें असतें? मलाहि क्षणभर तसेंच वाटलें. मग डोळे पुसून मनू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “बाबा, महाराजांचा किल्ला कसा नाहीं विरघळला?”

गेल्या वर्षीं मीं तिला तीन माच्यांचीं नांवें न विचारतां चारदां सांगितलीं होतीं. त्यांतलें एकहि तिच्या ध्यानांत राहिलें नव्हतें. आतां तिनें आपण होऊन विचारलें होतें. मीं सांगितलें कीं, १६६४ सालीं मालवणजवळच्या कुरटे नांवाच्या खडकाळ बेटावर महाराजांनीं हें काम सुरू केलें. तेथें मातीचा भरंवसा नव्हता, खालीं खडक होता. आणि तटाचे पायाचे दगड पक्के बसावेत म्हणून शिसें वितळवून ओतलें, असें सांगतात. मनूनें सर्व ऐकून घेतलें. मग अंगणाच्या कोपऱ्यांतला एक चपटा दगड ती स्वतः ओढून घेऊन आली.

दुसरा सिंधुदुर्ग पहिल्याहून लहान झाला. त्याला धड आकार नव्हता. शिशाच्या जागीं तिनें पणतींतलें मेण ओतविलें. तेवढें काम मात्र आगीचें म्हणून तिनें माझ्याकडे दिलें. परातीच्या काठावर, भर समुद्राच्या तोंडाशीं, काडेपेटीची एक शाळा होती. ती मीं ओळखली आणि कांहीं बोललों नाहीं.

पाडव्याला बाई आल्या. बक्षिस मिळालें नाहीं. परंतु बाईंनीं एकच प्रश्न विचारला आणि मनू पाऊण तास बोलत राहिली: बेटाबद्दल, चिखलाबद्दल, बुडालेल्या मावळ्याबद्दल. जातां जातां बाईंनीं माझ्याकडे पाहून तिला विचारलें, “आणि बाबांनीं काय केलें?”

मनूनें थोडा विचार केला. “बाबांनीं पाणी दिलें,” ती म्हणाली, “आणि शिशाची गोष्ट सांगितली.”