पाण्याच्या काठचे घर

मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरच्या रस्त्याला लागले, की डिंभे धरण येते. घोड नदी अडवून झालेल्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली गेले. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी हे एक. प्रकल्पाचे पाणी पार श्रीगोंदा-करमाळ्यापर्यंत जाते. काठावरच्या घरांचे दिवस मात्र पाण्याच्या चढ-उतारावर चालतात.

गेल्या वैशाखात काठावरच्या एका महादेव कोळी कुटुंबात मुक्काम पडला. पहाटेच थोरला मुलगा होडी घेऊन जाळी काढायला गेला. मावशी हंडा घेऊन निघाल्या. दिवाळीत दाराजवळ असलेले पाणी आता खूप खाली उतरले होते. भरला हंडा घेऊन तो सारा चढ चढायचा! पाणी मागे सरते तशी मोकळी झालेली ओली जमीन ही माणसे पेरतात. तिला गाळपेर म्हणतात.

अंगणात हिरडा वाळत होता आणि काका छपरावर कौले चाळत होते. पावसाआधीची कामे ठरलेली. होडी पालथी घालून डांबर द्यायचे, जाळी सांधायची, घरामागचा चर मोकळा करायचा. चराच्या कामात कोणी हयगय करत नाही. 30 जुलै 2014 रोजी डोंगर कोसळून गाडले गेलेले माळीण याच तालुक्यातले.

सर्वांत मोठे काम भातखाचरांच्या बांधांचे. बांधाचा एक दगड निसटला, की त्या भगदाडातून पाणी जाते, पाण्याबरोबर माती जाते आणि खाचर कोरडे पडते.

मी विचारले, "काका, मजूर लावून एकदाच का उरकत नाही?"

ते हसले. "सायेब, माझा बांध फुटला तर खालच्याचं खाचर गाळानं भरतं. मग बांध माझ्या एकल्याचा कसा?"

दुसऱ्या दिवशी वाडीतली सहा घरे पहारी-घमेली घेऊन हजर. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. मजुरी नाही, दुपारचे जेवण मात्र घरधन्याकडे. याला इकडे पडकई म्हणतात. मीही उत्साहाने एक दगड बसवला. काकांनी तो न बोलता उपसला आणि लांब बाजू आत घालून पुन्हा ठोकला. "दिसायला लहान दिसंल, पण हलायचा नाही," म्हणाले. बी.एस्सी. होऊन इतकी वर्षे बांधबंदिस्ती सांगत आलो. त्या दिवशी ती हाताने शिकलो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मृगाआधी एकदा आपल्या बांधावरून फिरून या. निसटलेला दगड दिसला, तर शेजाऱ्यालाही हाक मारा. खालचे शेत त्याचे असते.