कठड्याची खरी उंची

बाल्कनीच्या फर्निचरचं माप घ्यायला गेलो की गिऱ्हाईक लांबी-रुंदी सांगायला लागतं. मी आधी कठडा मोजतो. मुंबई-ठाण्याच्या नव्या इमारतींत तो साधारण साडेतीन फूट, म्हणजे 42 इंच भरतो. खुर्चीची बैठक असते 18 इंचांवर. ती कठड्याला खेटून ठेवली की वर चढणाऱ्यासाठी कठडा उरतो 24 इंच. चार वर्षांचं मूल उंचीला सुमारे 40 इंच, म्हणजे कठडा त्याच्या पोटाशी येतो, वाकून खाली बघायला अगदी सोयीचा. एवढं गणित कागदावर मांडलं की 'बाक रेलिंगलाच लावा, व्ह्यू छान आहे' म्हणणारे आईबाप गप्प होतात. कुंड्यांचा स्टँड, चपलांचं कपाट, वॉशिंग मशीन, आजीचा मोडा, सगळ्यांना हाच हिशोब लागू. रेलिंग आडव्या पाइपांचं असेल तर मुलाला खुर्चीचीही गरज नाही.

म्हणून बैठक घराच्या भिंतीकडे, आणि मुलाला ओढता येणार नाही इतकी जड. जड म्हणजे किती, हा मात्र स्लॅबचा प्रश्न. राहत्या घराच्या बाल्कनीला भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे 300 किलो भार धरतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण भिजलेल्या मातीचा एक घनफूट 45-50 किलो भरतो आणि हौशी माणूस कुंड्यांची रांग नेमकी बाहेरच्या कडेला लावतो. जुन्या इमारतीत पोपडे सुटून सळई दिसत असेल तर मी दगडी बाकाची ऑर्डर घेतच नाही. ती आधी इंजिनिअरला दाखवायची जागा.

हलक्या खुर्चीचा वैरी वारा. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मुंबईत ताशी 100 किलोमीटरहून जोराचे झोत होते. विसाव्या मजल्यावरून उडालेली प्लास्टिकची खुर्ची खाली कुणाच्या डोक्यात पडेल, हा विचार दुकानात कुणी करत नाही.

वेताची म्हणून घेतलेली बाहेरची खुर्ची बहुतेक वेळा प्लास्टिकच्या विणीची असते. खऱ्या वेताला आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा प्लास्टिकला माझी हरकत नाही. हरकत आतल्या सांगाड्याला. मी खिशात लोहचुंबक ठेवतो. चिकटलं तर लोखंड, आणि खाऱ्या हवेत ते वेल्डिंगच्या सांध्यापासून सडतं. पाय पोकळ पाइपचे असतील तर पाणी साचून आतून गंजतात. पायाच्या तळाशी बारीक भोक पाडून घ्यावं. समुद्राकाठी 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवरही तांबूस डाग येतात, 316 टिकतं, पण त्याचा भाव ऐकून लोक सागवानाकडे वळतात. वळू देत. गाभ्याचं सागवान तेल न लावल्यास राखाडी पडतं, पण लवकर कुजत नाही. एमडीएफला मात्र बाल्कनीत थारा नाही.

राहिला झोपाळा. मराठी घरात याबाबत कुणाचं ऐकून घेत नाहीत. हुक ज्या स्लॅबमध्ये ठोकायचा तो वरच्या शेजाऱ्याच्या बाल्कनीचा असतो, आणि साधा फास्टनर रोजच्या हेलकाव्यांनी ढिला होतो. केमिकल अँकर, शक्यतो बीममध्ये, तोही इंजिनिअरनं जागा दाखवल्यावर आणि सोसायटीला कळवून. त्याहून महत्त्वाची दिशा. समोरचा डोंगर दिसावा म्हणून सगळ्यांना कठड्याकडे तोंड करून झुलायचं असतं. झोपाळा पुढे जाताना वरही जातो, म्हणजे कठडा पुन्हा ठेंगणा झाला. कठड्याला समांतर झुलणार असेल तरच मी काम घेतो. यावरून दोन-तीन गिऱ्हाइकं सोडलीही आहेत.

चार फुटी बाल्कनीला माझ्या मते भिंतीत बोल्टनं पक्का केलेला 16 इंचांचा सागवानी बाक आणि दोन घडीच्या खुर्च्या पुरतात. बाक आणि कठड्यात 32 इंच मोकळे राहतात. खुर्च्या काम झालं की घरात घ्या. आणि बाल्कनीच्या दाराची कडी वर बसवून घ्या, मोठ्यांचाच हात पोचेल इतकी.