एकोणीस वर्षांचा कारभारी

घराची दोरी ज्याच्या हाती येते, त्याचा आवाज आपसूक चढतो. मग घरातली पोरे कुजबुजतात, "हा फार कडक झाला." तो कडक का झाला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. माझ्या मनात हा विचार आला तो एका जपानी चित्रमालिकेमुळे. तिचे नाव 'मोबाईल सूट गंडम'. घरच्या मुलांच्या नादाने मी ती पाहिली. पडद्यावर खाली येणाऱ्या इंग्रजी ओळींचा अर्थ मुले सांगत गेली आणि मी बघत गेले.

ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर ७ एप्रिल १९७९ रोजी सुरू झाली. दिग्दर्शक होते योशियुकी टोमिनो. आरंभी प्रेक्षक बेताचेच मिळाले, म्हणून ती ठरल्यापेक्षा लवकर, ४३ भागांतच आटोपती घ्यावी लागली. पुढे मात्र तिचे मोठे नाव झाले आणि १९८१-८२ साली तिच्यावरून तीन चित्रपट निघाले.

गोष्ट भविष्यातली आहे. माणसे अंतराळात वसाहती बांधून राहू लागली आहेत, आणि त्यांतल्या एका गटाने पृथ्वीच्या सरकारशी युद्ध मांडले आहे. लढाई चालते ती अजस्र यंत्रमानवांची. गंडम हा त्यांतलाच एक. उंची १८ मीटर, म्हणजे जवळजवळ ६० फूट. माणूस त्याच्या पोटात बसून तो चालवतो.

पण माझी नजर त्या यंत्रापेक्षा एका माणसावर खिळली. त्याचे नाव ब्राइट नोआ. वसाहतीवर अचानक हल्ला होतो. 'व्हाइट बेस' या जहाजाचे कप्तान जबर जखमी होतात आणि सारा कारभार ब्राइटच्या गळ्यात पडतो. वय अवघे १९. अधिकारी म्हणून अजून शिकाऊच. जहाजात घरदार गमावलेली म्हातारीकोतारी आणि कच्चीबच्ची. लढायला कोण, तर ऐनवेळी हाताशी आलेली तरुण मुले. गंडम चालवणारा अमुरो रे तर १५ वर्षांचा पोर!

ब्राइट हुकूम सोडतो, खेकसतो, हसतो क्वचितच. नवव्या भागात थकलेला अमुरो "मी आता लढणार नाही" म्हणून हटून बसतो. ब्राइट त्याच्या थोबाडीत देतो. एकदा आणि पुन्हा एकदा. आपल्या बापानेही आपल्यावर कधी हात उगारला नाही, असे तो पोर चिडून बोलतो. मालिकेतला हा सर्वांत गाजलेला प्रसंग.

पण नीट पाहा. थोबाडीत बसली म्हणून अमुरो उठत नाही. तो उठतो फ्रॉ बो या शेजारच्या मुलीमुळे. ती म्हणते, "मग मीच गंडम चालवते." तेव्हा त्याला राहवत नाही. पुढे ब्राइट आणि सुकाणू सांभाळणारी मिराई, अमुरोला गंडमवरून उतरवावे की काय असे आपसात बोलत असतात. ते त्याच्या कानी पडते आणि तो गंडम घेऊनच जहाज सोडून जातो. जे तोंडावर सांगायचे ते पाठीमागे बोलले गेले, त्याचे हे फळ.

आणि तो कडक ब्राइट? ओझ्याने तोही खचतो, आजारी पडून अंथरूण धरतो. तेव्हा मिराईला जहाज सांभाळावे लागते. इतके दिवस त्या पोराने काय उचलून धरले होते, ते इतरांना तेव्हा कळते.

हे पाहताना मला आमचे दादा आठवले. वडील गेले तेव्हा ते जेमतेम विशीत होते. नांगरट, पेरणी, सोसायटीचे कर्ज, धाकट्यांच्या शाळा, सारे त्यांच्यावर आले. आम्ही त्यांना चळचळ कापत असू. रात्री कंदिलापाशी ते हिशेबाची वही उघडून बसत, पण आमच्याशी एक शब्द बोलत नसत. ती वही त्यांनी आमच्यापुढे ठेवली असती, तर आमचे भय निम्मे झाले असते आणि त्यांचे ओझेही. आम्ही लहान होतो, पण घरात काय कमी आहे ते कळण्याइतके लहान नव्हतो.

ब्राइटची गोष्ट सुखाची होते ती एवढ्यासाठी, की ती माणसे हळूहळू एकमेकांना ओळखू लागतात. शेवटच्या लढाईत जहाज सोडण्याची वेळ येते. ब्राइट सर्वांना लहान यानांत बसवून बाहेर काढतो. अमुरो मात्र मागे राहिलेला. तोही अखेर सुटून येतो, आणि येतो तो याच आपल्या माणसांकडे. ज्या पोराने एकदा रागाने जहाज सोडले होते, त्याला परत जायला हेच घर उरलेले असते.

कारभाऱ्याने कडक असू नये, असे मी म्हणत नाही. पावसाने ओढ दिली, बँकेचा हप्ता आला, की आवाज चढायचाच. पण त्या आवाजामागचे कारण घरच्यांना कळू द्यावे. जेवणे आटोपली की एकदा वही मुलांपुढे उघडावी. त्यांना सगळे आकडे कळणार नाहीत. बाप का खेकसतो, ते मात्र नक्की कळेल.